रॉनी स्पेक्टरची सगळी कारकीर्द एका अल्बममध्ये यायला इतकी वर्षं का लागली?

अमेरिकन गायिका रॉनी स्पेक्टरचं 'बी माय बेबी' हे गाणं १९६३ सालचं. रॉनेट्स या तिघींच्या गटाच्या दिवसांपासून पुढच्या सगळ्या टप्प्यांवरची गाणी एकत्र आणणारा, रॉनी स्पेक्टरच्या एकटीच्या नावावरचा 'द व्हेरी बेस्ट ऑफ रॉनी स्पेक्टर' हा संकलन-अल्बम सोनीच्या लेगसी लेबलनं (लेबल म्हणजे रेकॉर्ड काढणारी कंपनी) काढला तो २०१५ साली. मधल्या काळात तिच्या गाण्यांना मागणी नव्हती असं मुळीच नाही. 'बी माय बेबी' सिनेमांत वाजत होतं, रेडिओवर वाजत होतं, रॉनेट्सची संकलनंही अधूनमधून निघत होती. अडचण गाण्यांच्या मालकीची होती, आणि त्याखालोखाल टेपची. साठच्या दशकातल्या गर्ल ग्रुपमधल्या, म्हणजे तरुण गायिकांच्या गटांमधल्या, जवळजवळ प्रत्येक गायिकेपुढे ही अडचण कमीअधिक प्रमाणात आली. रॉनीच्या बाबतीत तिचे सगळे पदर एकाच जागी दिसतात, म्हणून तिचंच उदाहरण घेऊ.

आधी थोडी ओळख. व्हेरोनिका बेनेट म्हणजे रॉनी, तिची बहीण एस्टेल आणि मावसबहीण नेड्रा टॅली या न्यूयॉर्कच्या तिघी. १९६१ मध्ये त्यांनी कोलपिक्स या लेबलसाठी पहिली गाणी केली. सुरुवातीला 'रॉनी अँड द रेलेटिव्ह्ज' या नावानं. ती चालली नाहीत. १९६३ मध्ये त्या निर्माता फिल स्पेक्टरच्या फिलीस रेकॉर्ड्सकडे गेल्या. 'बी माय बेबी' अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोचलं. मग 'बेबी, आय लव्ह यू', 'वॉकिंग इन द रेन' आणि १९६४ च्या अखेरीस अल्बम. १९६७ च्या सुमारास गट फुटला, १९६८ मध्ये रॉनीचं फिलशी लग्न झालं आणि १९७४ मध्ये घटस्फोट. यानंतर ती एकटीनं, थांबत थांबत, पण शेवटपर्यंत गात राहिली. १२ जानेवारी २०२२ रोजी ती गेली.

गाणं एक, मालक दोन

संकलनाचा विचार करताना एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी लागते: प्रत्येक गाण्यात दोन वेगवेगळे हक्क असतात. पहिला रचनेचा, म्हणजे शब्द आणि चालीचा. 'बी माय बेबी'ची रचना जेफ बॅरी, एली ग्रीनिच आणि फिल स्पेक्टर यांच्या नावावर आहे. दुसरा हक्क त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा, ज्याला धंद्यात 'मास्टर' म्हणतात. तो बहुतेक वेळा लेबलकडे असतो. गायिकेचा आवाज ज्यात आहे तो मास्टर, पण त्यावर गायिकेची मालकी नसते. तिला मिळते ती करारात लिहिलेली रॉयल्टी, आणि करारात जे लिहिलेलं नाही ते सहसा मिळत नाही.

पहिला हक्क मिळवणं अमेरिकेत सोपं आहे. एकदा प्रसिद्ध झालेली रचना पुन्हा रेकॉर्डवर आणायची असेल तर कायद्यानं ठरलेला दर भरायचा. रचनाकाराला नाही म्हणता येत नाही. १९६३ मध्ये हा दर गाण्यामागे २ सेंट होता. २०१५ मध्ये पाच मिनिटांपर्यंतच्या गाण्याला ९.१ सेंट होता. म्हणजे १७ गाण्यांच्या सीडीच्या प्रत्येक प्रतीमागे सुमारे १ डॉलर ५५ सेंट तेव्हा रचनाकारांकडे जात. रॉनी यातल्या बहुतेक गाण्यांची लेखिका नव्हती, त्यामुळे या पैशांशी तिचा संबंध येत नाही.

दुसरा हक्क मात्र मिनतवारीचा. मास्टरच्या मालकाला 'नाही' म्हणण्याचा पूर्ण अधिकार आहे. तो कितीही पैसे मागू शकतो, उत्तर न देता बसू शकतो, किंवा 'आमच्या संकलनात आहे, तुमच्यात नको' म्हणू शकतो. बरेच मालक आणखी एक अट घालतात: अल्बममधल्या दुसऱ्या कोणत्याही मालकाला जास्त दर दिलात तर आम्हालाही तोच द्यायचा. यामुळे एका हटवादी मालकाची मागणी सगळ्या अल्बमचा खर्च वाढवते. अशा वेळी संकलक ते एक गाणं वगळतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की निवड करणाऱ्याला गाण्याची जाण नाही.

आता रॉनीची गाणी कुठे कुठे विखुरली होती ते पाहू. १९६१–६२ ची कोलपिक्सकडे. १९६३ ते ६६ ची फिलीसकडे. १९६९ चं 'यू केम, यू सॉ, यू कॉन्कर्ड' ए अँड एमकडे; ते लेबल पुढे पॉलिग्राममार्गे युनिव्हर्सलकडे गेलं. १९७१ चं 'ट्राय सम, बाय सम' बीटल्सच्या ॲपल लेबलकडे. ते जॉर्ज हॅरिसनचं गाणं, आणि त्याच्या मागच्या बाजूला 'तंदूरी चिकन' नावाचं एक गाणं आहे. १९७७ चं 'से गुडबाय टू हॉलिवूड' बिली जोएलचं; ते रॉनीनं ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या ई स्ट्रीट बँडबरोबर गायलं आणि ते क्लीव्हलंड इंटरनॅशनल या छोट्या लेबलवर, एपिकच्या वितरणातून आलं. १९८० चा 'सायरन' अल्बम आणखी एका छोट्या लेबलचा. १९८६ मध्ये एडी मनीचं 'टेक मी होम टुनाइट', त्याच्या पुढच्या वर्षी तिचा 'अनफिनिश्ड बिझनेस', दोन्ही कोलंबियाचे. १९९९ ची 'शी टॉक्स टू रेनबोज' ही छोटी रेकॉर्ड किल रॉक स्टार्स या लेबलची. तिच्या निर्मितीत रामोन्स या पंक गटाचा गायक जोई रामोन होता.

'टेक मी होम टुनाइट'चा मुद्दा वेगळाच आहे. हे मूळ एडी मनीचं गाणं, त्यात रॉनी येते आणि स्वतःच्या १९६३ च्या धृवपदाची ओळ गाते. तेवढ्या एका ओळीमुळे बॅरी, ग्रीनिच आणि स्पेक्टर यांची नावं या गाण्याच्या रचनाकारांत आली. ज्या आवाजामुळे ती ओळ लोकांना आठवली, त्या आवाजाचं नाव रचनाकारांत नाही. कायद्याच्या हिशेबात हे बरोबर आहे. तरी खटकतंच.

मग २०१५ मध्ये काय बदललं होतं? फिलीसची गाणी अनेक वर्षं अबको या कंपनीमार्फत बाजारात येत होती. 'बॅक टू मोनो' हा चार सीडींचा संच १९९१ मध्ये आणि रॉनेट्सचं एक संकलन १९९२ मध्ये तिथूनच आलं. २०१० च्या दशकाच्या तोंडावर ही गाणी सोनीच्या लेगसीकडे आली आणि २०११ मध्ये रॉनेट्स, फिलीसचाच दुसरा गर्ल ग्रुप क्रिस्टल्स आणि गायिका डार्लीन लव्ह यांची नवी संकलनं एकापाठोपाठ निघाली. कोलंबिया आणि एपिक आधीपासून सोनीचेच. म्हणजे रॉनीच्या सर्वांत गाजलेल्या दोन टप्प्यांची, साठच्या दशकाची आणि ऐंशीच्या दशकाची, गाणी पहिल्यांदाच एका कंपनीच्या हातात आली. बाहेरून परवाने आणायचे ते मधल्या आणि शेवटच्या थोड्या गाण्यांसाठी. संकलन कधी निघतं याचा संबंध कलाकाराच्या वाढदिवसापेक्षा किंवा पुरस्कारापेक्षा अशा हस्तांतरणाशी जास्त असतो.

आपल्याकडे हा प्रश्न इतका जाणवला नाही, कारण साठच्या दशकापर्यंत हिंदी-मराठी गाण्यांचा फार मोठा साठा एचएमव्हीकडेच होता.

पाच पानांचा करार

रॉनेट्सनी १९६३ मध्ये सही केलेला करार न्यूयॉर्कच्या सर्वोच्च पातळीच्या न्यायालयापर्यंत गेला, आणि ऑक्टोबर २००२ मधला तो निकाल आजही संगीताच्या करारांबद्दल बोलताना हमखास निघतो. तिघींना सुरुवातीला मिळून सुमारे १५ हजार डॉलर उचल मिळाली होती. त्यानंतर रॉयल्टी म्हणून काहीच आलं नाही. १९८० च्या दशकात जुनी गाणी सिनेमांत वापरण्यातून मोठा पैसा मिळू लागला. 'बी माय बेबी' १९८७ च्या 'डर्टी डान्सिंग'मध्ये होतं. तिघींनी दावा लावला: आम्ही रेकॉर्डसाठी गायलो, सिनेमात वापरायचा हक्क दिलाच नव्हता.

खालच्या न्यायालयांनी त्यांचं म्हणणं मानलं आणि व्याजासह सुमारे ३० लाख डॉलरची भरपाई ठरवली. वरच्या न्यायालयानं ती रक्कम टिकू दिली नाही. त्यांचं म्हणणं असं: करारानं मास्टरची पूर्ण मालकी दिली आहे, मालकी बिनशर्त दिली की कोणताही वापर त्यात आला, भविष्यात शोधल्या जाणाऱ्या माध्यमांसकट, जोवर करारात तो स्पष्टपणे वगळलेला नाही. सिनेमातल्या वापराबद्दल करार गप्प होता, म्हणून त्यातला वाटा नाही. रेकॉर्ड, कॅसेट, सीडींच्या विक्रीवर मात्र करारातल्या दरानं रॉयल्टी द्यावीच लागेल. घटस्फोटाच्या वेळी रॉनीनं सगळे दावे सोडून दिल्याचा जो कागद होता, त्यामुळे तिचा रॉयल्टीचा हक्क गेला नाही, असंही न्यायालयानं म्हटलं.

संकलनाशी याचा थेट संबंध आहे. करार ज्याबद्दल गप्प आहे ते मालकाचं. पन्नास वर्षांपूर्वीच्या करारात 'इतर लेबलांना संकलनासाठी गाणं देणं', 'डिजिटल' असे शब्द क्वचितच सापडतात. गायिकेला सीडीमागे काय मिळेल हे कोणीतरी तो जुना कागद शोधून, त्यातला एका गाण्याच्या छोट्या रेकॉर्डचा दर आणि अल्बमच्या मोठ्या रेकॉर्डचा दर लावूनच ठरवतं.

नाव एकाचं, आवाज दुसऱ्याचा

गर्ल ग्रुपच्या गाण्यांत कव्हरवरच्या नावावर डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही. १९६२ चं 'ही इज अ रेबेल' क्रिस्टल्सच्या नावावर पहिल्या क्रमांकावर गेलं. गायलं डार्लीन लव्हनं. उलट, १९६३ च्या क्रिस्टल्सच्या एका मोठ्या रेकॉर्डवरची चार गाणी, त्यात 'द ट्विस्ट' आणि 'मॅश्ड पोटॅटो टाइम' धरून, प्रत्यक्षात रॉनेट्सची आहेत. १९६४ मध्ये रॉनीची काही गाणी फक्त 'व्हेरोनिका' या नावानं निघाली. 'बी माय बेबी'मध्येही रॉनेट्सपैकी एकटी रॉनीच आहे. मागचे आवाज स्टुडिओत जमलेल्या इतरांचे, त्यात गायक सॉनी बोनो आणि गायिका शेर होते. त्या रेकॉर्डची मागची बाजू तर दोन गिटारवादकांच्या आडनावांवर बेतलेली एक वाद्यधून आहे. रेडिओवाल्यांनी चुकूनही ती बाजू वाजवू नये म्हणून स्पेक्टर असं करायचा.

म्हणून 'गटाचं संकलन' आणि 'गायिकेचं संकलन' यांची यादी वेगळी होते. गायिकेच्या संकलनात क्रिस्टल्सच्या नावावरचं गाणंही बसू शकतं आणि गटाच्या नावावरची वाद्यधून बसत नाही. 'आय विश आय नेव्हर सॉ द सनशाइन' हे १९६५ मध्ये ध्वनिमुद्रित झालेलं आणि दशकभर कपाटात राहिलेलं गाणं तर दोन्हीकडे हवंच. रॉनीच्या आवाजातला कंप त्यात जितका उघडा ऐकू येतो तितका फार थोड्या गाण्यांत येतो.

टेप कशी वाचायची

हक्क मिळाले की कारागिरीचं काम सुरू होतं, आणि इथेच संकलनं बिघडतात.

फिलीसची गाणी लॉस एंजलिसच्या गोल्ड स्टार स्टुडिओत झाली. ध्वनियंत्री लॅरी लेव्हिन, संयोजक जॅक नित्शे, ढोलावर हॅल ब्लेन. तीन ट्रॅकचं यंत्र होतं. दोन-तीन पियानो, तितक्याच गिटारी, बास, तालवाद्यं हे सगळे एकाच खोलीत एकाच वेळी वाजवत, एको चेंबरमधला प्रतिध्वनीही तेव्हाच मिसळला जाई आणि हे सारं एका ट्रॅकवर बसे. उरलेल्या जागेत गायन आणि व्हायोलिनं. त्यामुळे हा वाद्यमेळ नंतर सुटा करता येत नाही. स्टिरिओ मिश्रण केलंच तर आवाज एका अंगाला आणि वाद्यांचा गठ्ठा दुसऱ्या अंगाला, असं काहीतरी होतं आणि ज्या दाटपणासाठी ही गाणी ओळखली जातात तोच विरळ होतो. १९६४ च्या अल्बमची स्टिरिओ आवृत्तीही निघाली होती. कुतूहल म्हणून ऐकावी. पण स्पेक्टरनं मंजूर केलेलं गाणं म्हणजे मोनो, सगळा ध्वनी एकाच धारेत असलेलं.

मोनो टेप वाचायलाही मोनोचंच यंत्र लागतं. पाव इंची टेपच्या पूर्ण रुंदीवर ध्वनी असतो, तो पूर्ण रुंदीच्या हेडनंच (यंत्राच्या टेप वाचणाऱ्या भागानंच) घ्यावा. स्टिरिओ हेड लावलं तर दोन पट्ट्या वेगळ्या वाचल्या जातात. हेडचा कोन जरासा जरी चुकला तर दोन्हींत सूक्ष्म काळाचं अंतर पडतं, आणि पुन्हा एकत्र केल्यावर वरचे स्वर एकमेकांना खातात. ऐकणाऱ्याला जाणवतं ते एवढंच की कॅस्टानेट आणि खंजिरी कुठेतरी दूर गेली. कोन दर टेपला नव्यानं जुळवावा लागतो. १९६३ चं यंत्र ज्या कोनात होतं तोच पकडायचा असतो, पुस्तकातला नव्हे.

टेप कोणत्या पिढीची आहे हेही पाहावं लागतं. मूळ मास्टर, सुरक्षेसाठी केलेली प्रत, परदेशी पाठवलेली प्रत, आणि तबकडी कापताना खर्ज कमी करून बनवलेली प्रत, सगळ्यांवर गाण्याचं नाव तेच. शेवटची प्रत घेतली तर सीडीवर 'बी माय बेबी'चे सुरुवातीचे तीन ठोके पोकळ वाटतात. प्रत्येक नकलेत खरखर वाढते ती वेगळीच.

वयही सारखं नसतं, आणि उपचारही नसतात. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून ऐंशीच्या दशकापर्यंतच्या बऱ्याच पॉलिएस्टर टेपचा चिकट थर हवेतला ओलावा शोषतो. अशी टेप वाजवली की हेडला लगदा लागतो आणि ध्वनी कायमचा खरवडला जातो. ती आधी सुमारे ५० ते ५५ अंश सेल्सिअसला, नियंत्रित भट्टीत, आठ तास किंवा अधिक ठेवतात. मग काही आठवडे ती वाजवता येते, तेवढ्यात प्रत करून घ्यायची. साठच्या दशकाच्या सुरुवातीच्या ॲसिटेट टेपला हा रोग होत नाही. तिला भाजलं तर ती आखडते आणि ठिसूळ होते. व्हिनेगरचा वास आला तर ती विरघळू लागली आहे असं समजायचं आणि लगेच प्रत करायची. १९६३ आणि १९८० ची गाणी एकाच अल्बमसाठी आणताना दोन्ही टेप एकाच भट्टीत घालणं ही भरून न येणारी चूक आहे.

शेवटी मास्टरिंग, म्हणजे विक्रीला जाण्याआधी ध्वनीवरून फिरवलेला शेवटचा हात. १९६३ चं दाट मोनो आणि १९८६ चे मोठ्या स्टुडिओतले, रुंद स्टिरिओ ड्रम शेजारी आले की जुनं गाणं बारीक वाटतं. मोह असा होतो की जुन्याला दाबून मोठं करावं. उणे ९ एलयूएफएसपर्यंत (हे कानाला वाटणाऱ्या मोठेपणाचं माप) दाबलेलं गाणं स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगला उणे १४ वर आणतं, म्हणजे ५ डेसिबल खाली. मोठेपणा गेला, दाबताना हरवलेले चढउतार मात्र परत येत नाहीत. पातळी मोजपट्टीनं जुळवण्यापेक्षा रॉनीचा आवाज दोन्हीकडे सारख्या अंतरावर वाटेल अशी कानानं जुळवावी. खरखर काढणारं सॉफ्टवेअरही हलक्या हातानं चालवावं. ते सर्वांत आधी गोल्ड स्टारच्या प्रतिध्वनीची शेपूट खातं, कारण यंत्राला ती खरखरीसारखीच दिसते.

विकत घेताना

दोन अल्बमच्या नावांत गोंधळ होतो. 'प्रेझेंटिंग द फॅब्युलस रॉनेट्स फीचरिंग व्हेरोनिका' हा १९६४ चा, फिलीसचा. 'द रॉनेट्स फीचरिंग व्हेरोनिका' हा १९६५ चा, कोलपिक्सचा: जुनी, न चाललेली गाणी गट गाजल्यावर पुन्हा विकायला काढलेली. दुसऱ्यात 'बी माय बेबी' नाही.

कव्हरवर वर्तुळातल्या 'पी' अक्षरापुढचं साल आणि नाव वाचावं. ते ध्वनिमुद्रणाच्या मालकाचं असतं. तिथे मूळ लेबल किंवा त्याचा वारसदार नसेल, किंवा बारीक अक्षरांत 'पुन्हा ध्वनिमुद्रित केलेलं' अशा अर्थाची ओळ असेल, तर साठच्या दशकातल्या अनेक गटांच्या बाबतीत ती नंतर स्वस्तात पुन्हा गायलेली गाणी निघतात. वेळही तपासावी: मूळ 'बी माय बेबी' दोन मिनिटं चाळीस सेकंदांच्या आसपास आहे.

युरोपातून येणाऱ्या स्वस्त संकलनांत रॉनेट्सची १९६१–६२ ची गाणीच का असतात, याचं कारण कायद्यात आहे. तिथे ध्वनिमुद्रणाचं संरक्षण ५० वर्षांवरून ७० करण्यात आलं, पण १९६२ पर्यंतची रेकॉर्ड त्याआधीच मोकळी झाली. १९६३ ची गाणी तिथे २०३३ च्या अखेरपर्यंत राखीव आहेत. अमेरिकेत १९५७ ते फेब्रुवारी १९७२ पर्यंतची ध्वनिमुद्रणं १५ फेब्रुवारी २०६७ पर्यंत. भारतात ध्वनिमुद्रणाला प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं मिळतात, म्हणजे १९६३ च्या मुद्रणाची मुदत २०२३ बरोबर संपली. पण रचनेचा हक्क वेगळा. तो शेवटच्या सहरचनाकाराच्या निधनानंतर ६० वर्षं टिकतो, त्यामुळे 'बी माय बेबी' इथेही कोणालाही परवान्याशिवाय छापता किंवा व्हिडिओखाली लावता येणार नाही.

कारकीर्द समजून घ्यायची असेल तर २०१५ चं संकलन, आणि फक्त रॉनेट्स हव्या असतील तर २०११ चं लेगसीचं 'बी माय बेबी: द व्हेरी बेस्ट ऑफ द रॉनेट्स'. 'ट्राय सम, बाय सम' ऐकल्यावर हॅरिसनच्या १९७३ च्या अल्बममधलं तेच गाणं लगेच लावावं. वाद्यमेळ तोच आहे, रॉनीच्या पट्टीतला. त्यावर हॅरिसननं स्वतःचा आवाज चढवला, आणि ती पट्टी त्याला किती उंच पडते हे पहिल्याच ओळीत कळतं.